मोठ्या अँटेना-मांडणीचे निकटक्षेत्र : गैरसमज मीटर-टेप घेऊन कसे तपासावेत

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांचे इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प-अहवाल वाचण्याचे काम माझ्याकडे दर वर्षी येते. सहाव्या पिढीच्या मोबाइल तंत्रज्ञानाची चर्चा सुरू झाल्यापासून त्या अहवालांत 'निकटक्षेत्र' हा शब्द वारंवार दिसू लागला आहे. शेकडो अँटेनांची मोठी मांडणी केली की वापरकर्ता तिच्या निकटक्षेत्रात येतो आणि मग लहरी केवळ एका दिशेला न पाठवता एका बिंदूवर एकवटता येतात, ही मूळ कल्पना बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तिच्याभोवती जे गैरसमज चिकटले आहेत, ते एका अहवालातून दुसऱ्या अहवालात जसेच्या तसे उतरतात आणि सिम्युलेशनचे निकाल चुकीचे आले तरी कोणाला शंका येत नाही. हे लिखाण अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. त्यासाठी एक मीटर-टेप, एक कॅल्क्युलेटर आणि बारा-तेरा मीटर लांबीची गच्ची एवढेच लागते.

हा विषय मी टेपपासून सुरू करतो, त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच मार्गदर्शनाखालच्या एका प्रकल्पात ३ मीटर लांबीच्या ७० अँटेनांच्या मांडणीसमोर, १० मीटरवर, वापरकर्ता ठेवला होता. बीम, म्हणजे लहरींचा झोत, वळवण्यासाठी आम्ही नेहमीचे, म्हणजे दूरक्षेत्राचे (वापरकर्ता इतका दूर, की लहर सपाट मानता येते), सूत्र वापरले. अपेक्षेच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी शक्ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचत होती आणि तीन आठवडे आम्ही प्रोग्राममधली चूक शोधत बसलो. प्रोग्राम बरोबर होता. चूक माझ्या गृहीतकात होती आणि ती पकडायला पाच मिनिटांचे मोजमाप पुरले असते.

आधी मोजमाप

गच्चीच्या कठड्यावर खडूने ३ मीटर लांबीची सरळ रेघ आखावी. हीच आपली अँटेना-मांडणी. रेघेच्या मध्यावर खूण करावी आणि तिथून काटकोनात बरोबर १० मीटर अंतरावर फरशीवर दुसरी खूण करावी. हा वापरकर्त्याचा फोन. टेप कठड्याच्या उंचीवरच आडवा ताणता यावा म्हणून दुसऱ्या खुणेवर त्याच उंचीचे एखादे स्टूल ठेवल्यास मोजमाप चोख येते. आता रेघेच्या एका टोकापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. ते १० मीटर ११ सेंटीमीटर भरते. विश्रामबागेतल्या एका गच्चीवर हे करून पाहताना साताऱ्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीने टेपचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "सर, फरक एवढासाच? मग याला निकटक्षेत्र कशाला म्हणायचं?"

तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तरंगलांबीत आहे. भारतात ५जीसाठी जे पट्टे वापरले जातात, त्यांतला मुख्य पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि या वारंवारतेला तरंगलांबी ८.५७ सेंटीमीटर होते. ११.२ सेंटीमीटरचा फरक माणसाच्या डोळ्याला किरकोळ वाटला, तरी लहरीच्या हिशेबात तो १.३ तरंगलांब्यांएवढा आहे. म्हणजे मध्यावरच्या अँटेनाची लहर आणि टोकाच्या अँटेनाची लहर एकाच क्षणी निघाल्या, तर फोनपाशी पोहोचेपर्यंत त्यांच्या फेजमध्ये, म्हणजे पाठ्यपुस्तकात जिला कला म्हणतात तिच्यात, एका पूर्ण फेऱ्याहून अधिक अंतर पडलेले असते. काही अँटेनांच्या लहरी इतरांच्या लहरींना खोडू लागतात. याच वेळी आयामाचा, म्हणजे लहरीच्या उंचीचा, हिशेब करावा. टोकाची लहर केवळ ११ सेंटीमीटर जास्त चालून आल्यामुळे तिचा आयाम १.१ टक्क्याने कमी झालेला असतो.

फेजमध्ये १.३ फेरे आणि आयामात १.१ टक्का, हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत, कारण पुढच्या निम्म्या गैरसमजांचे उत्तर त्यांच्यातच आहे. निकटक्षेत्रात काही अँटेना वापरकर्त्याला जवळ आणि काही दूर असल्यामुळे त्यांच्या सिग्नलची ताकद फार वेगवेगळी असते, असे अनेक अहवाल सांगतात. ताकदीतला फरक जाणवायला वापरकर्ता मांडणीच्या लांबीच्या दुपटीहून आत यावा लागतो. आपल्या उदाहरणात ही मर्यादा ६ मीटर आहे आणि तिथेही टोकाच्या लहरीचा आयाम फक्त ३ टक्क्यांनी कमी भरतो. त्यापलीकडे सारा खेळ फेजचा आहे.

सीमारेषा म्हणजे भिंत नव्हे

दूरक्षेत्र कुठे सुरू होते हे ठरवण्याचे प्रचलित सूत्र सोपे आहे : मांडणीच्या लांबीचा वर्ग करावा, त्याची दुप्पट करावी आणि तरंगलांबीने भागावे. या अंतराला रॅले अंतर किंवा फ्राउनहोफर अंतर म्हणतात. आपल्या ३ मीटरच्या मांडणीसाठी ते २१० मीटर येते. हे सूत्र कुठून आले, तेही टेपच्या भाषेतच समजून घ्यावे. २१० मीटरवर उभे राहिल्यास मध्य आणि टोक यांच्या अंतरांतला फरक ५.४ मिलिमीटर, म्हणजे तरंगलांबीचा सोळावा भाग असतो आणि त्यातून २२.५ अंशांचा फेजफरक पडतो. एवढी चूक चालवून घ्यायची, असे अभियंत्यांनी ठरवले आणि त्या संकेताला सूत्राचे रूप मिळाले. निसर्गाने २१० मीटरवर काही बदललेले नाही. एका बिंदूतून निघालेल्या लहरीचे तरंगाग्र, म्हणजे तिची पुढे सरकणारी आघाडी, कितीही दूर गेले तरी गोलाकारच असते. आपण कधी त्याला सपाट मानण्याची सवलत घेतो, एवढाच प्रश्न आहे.

ही सवलत कुठे महाग पडते ते अंतराअंतराने पाहावे, कारण इथे अहवालांत सर्वांत जास्त गोंधळ असतो. वापरकर्ता मांडणीच्या बरोबर समोर आहे आणि आपण त्याच्याकडे दूरक्षेत्राचा, म्हणजे सपाट तरंगाग्राचा, बीम पाठवला असे समजू. वापरकर्ता २१० मीटरवर असेल तर योग्य फेज दिल्यास जी शक्ती मिळाली असती, तिच्यातून १.४ टक्के कमी होतात. हे कोणत्याही मापन-यंत्राच्या चुकीत सहज झाकले जाईल. १०० मीटरवर तोटा ६ टक्क्यांच्या घरात जातो. ३० मीटरवर निम्मी शक्ती जाते. १० मीटरवर जेमतेम १३ टक्के शक्ती हाती लागते, आणि हाच तो आठवा हिस्सा, ज्याने आमचे तीन आठवडे खाल्ले. म्हणून 'आमचा वापरकर्ता १५० मीटरवर आहे, रॅले अंतराच्या आत आहे, तस्मात निकटक्षेत्राचे सर्व फायदे मिळतील' हे वाक्य जिथे दिसेल तिथे लाल शाईने खूण करावी. तो वापरकर्ता व्याख्येने निकटक्षेत्रात आहे, पण व्यवहारात त्याला दूरक्षेत्राचाच बीम पुरतो.

रॅले अंतर हे वापरकर्ता अगदी समोर असतानाचे आहे, हेही अनेकदा विसरले जाते. वापरकर्ता तिरका असला की त्याला मांडणी आखूड दिसते. ६० अंश बाजूला गेल्यावर ३ मीटरची मांडणी दीड मीटरचीच भासते आणि २१० मीटरचे अंतर चौथाईवर, म्हणजे ५२ मीटरच्या आसपास येते. एकच आकडा घेऊन सगळ्या परिसरावर वर्तुळ काढणारी आकृती त्यामुळे चुकीची ठरते.

टॅप करून पैसे देण्याशी याचा संबंध नाही

दुकानात यंत्राला कार्ड टेकवून पैसे देण्याच्या पद्धतीच्या नावातही 'निकटक्षेत्र' आहे, आणि केवळ या नावामुळे गैरसमजांची एक मोठी माळच तयार झाली आहे. ती पद्धत १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते, जिथे तरंगलांबी सुमारे २२ मीटर असते. कार्डातली आणि यंत्रातली कॉइल काही सेंटीमीटरची, म्हणजे तरंगलांबीच्या मानाने नगण्य असते आणि दोघींमध्ये ट्रान्सफॉर्मरसारखे चुंबकीय बंधन तयार होते. लहर निघून दूर जाण्याचा तिथे प्रश्नच नसतो. कार्ड दूर नेले की बंधन सुटते.

मोठ्या मांडणीच्या निकटक्षेत्रात यातले काहीही नसते. तिथली लहर पूर्णपणे प्रसारित झालेली, अँटेनापासून सुटलेली लहर असते. ३.५ गिगाहर्ट्झला प्रत्येक सुट्या अँटेनाभोवतीचे न सुटणारे, साठून राहणारे क्षेत्र दीड सेंटीमीटरच्या आसपास ओसरू लागते. १० मीटरवरचा फोन प्रत्येक सुट्या अँटेनाच्या दृष्टीने दूरक्षेत्रातच असतो आणि अख्ख्या मांडणीच्या दृष्टीने निकटक्षेत्रात असतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. हा मुद्दा एकदा नीट पटला की सिम्युलेशन कसे लिहावे तेही उलगडते : प्रत्येक अँटेनासाठी फोनपर्यंतचे खरे अंतर काढावे, त्यावरून फेज काढावी आणि सर्वांची बेरीज करावी. गुंतागुंतीचे विद्युतचुंबकीय सूत्र लागत नाही, पायथागोरसचे प्रमेय पुरते.

इथे पाठ्यपुस्तकातले एक सूत्र विशेष घात करते. मांडणीच्या लांबीचा घन तरंगलांबीने भागून त्याचे वर्गमूळ घ्यावे आणि ०.६२ ने गुणावे, म्हणजे साठवण-क्षेत्राची बाहेरची सीमा मिळते, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. आपल्या उदाहरणात हा आकडा ११ मीटर येतो. त्यावरून विद्यार्थी लिहितात की पहिल्या ११ मीटरमध्ये लहर प्रसारितच होत नाही आणि तिथे संवाद अशक्य आहे. प्रत्यक्षात हे सूत्रही फेजच्या हिशेबातूनच निघाले आहे. अंतराच्या सूत्रात वर्गाच्या पदापर्यंत थांबलो तर चूक कुठवर चालण्याजोगी राहते, एवढेच ते सांगते. त्या मर्यादेच्या आत गेल्यास अंदाजी सूत्र सोडून खरे अंतर वापरावे, बाकी काही अडत नाही.

अँटेना किती, यापेक्षा मांडणी किती लांब

अँटेनांची संख्या वाढली म्हणजे निकटक्षेत्र वाढले, असे सरसकट म्हणता येत नाही, कारण रॅले अंतराच्या सूत्रात संख्या कुठेच नाही, लांबी आहे. ३ मीटर अंतरावर केवळ दोन अँटेना ठेवल्या तरी त्यांचे रॅले अंतर २१० मीटरच येईल. फक्त त्या दोघींना लहर एका बिंदूवर एकवटता येणार नाही, व्यतिकरणाचे, म्हणजे कमी-जास्त ताकदीचे, पट्टे तेवढे पडतील.

वारंवारतेबद्दलचा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. लांबी कायम ठेवून वारंवारता वाढवली तर रॅले अंतर वाढते, हे बरोबर. पण व्यवहारात अँटेना अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने बसवतात आणि संख्या कायम ठेवून वारंवारता वाढवली की मांडणी आक्रसते. एका रांगेतल्या ६४ अँटेनांचे रॅले अंतर ३.५ गिगाहर्ट्झला १७५ मीटर भरते, तर त्याच ६४ अँटेना २८ गिगाहर्ट्झला बसवल्यास रांग ३४ सेंटीमीटरची होते आणि अंतर २२ मीटरवर उतरते. म्हणजे वारंवारता आठपट झाली आणि निकटक्षेत्र आठपटीने आखडले. अहवालात 'उच्च वारंवारतेमुळे निकटक्षेत्र मोठे होते' असे लिहिण्यापूर्वी आपण लांबी कायम धरली आहे की संख्या, हे स्पष्ट नोंदवावे.

लांबीचा परिणाम किती मोठा असतो याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला उभे आहे. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या आहेत. २१ सेंटीमीटर तरंगलांबीला एका तबकडीचे रॅले अंतर सुमारे १९ किलोमीटर येते, म्हणजे डोक्यावरून दहा किलोमीटर उंचीने जाणारे विमान त्या तबकडीच्या निकटक्षेत्रात असते. साऱ्या तबकड्या मिळून एक मांडणी मानली तर ते अंतर ५९ लाख किलोमीटर होते. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. या हिशेबाने चंद्रसुद्धा खोडदच्या मांडणीच्या निकटक्षेत्रात येतो आणि 'निकट' या शब्दाचा घराजवळच्या अर्थाशी किती कमी संबंध आहे, हे मुलांना पटवायला मला आजवर याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

उलट बाजूला, आज आपल्या गावांतल्या टॉवरवर दिसणारे ५जीचे अनेक-अँटेना पॅनेल पाहावे. त्याची लांब बाजू पाऊण मीटर धरली तर ३.५ गिगाहर्ट्झला रॅले अंतर १३ मीटर येते आणि एवढ्या जवळ टॉवरवर चढलेला कामगारच असतो. साताऱ्यातल्या अजिंक्यताऱ्याच्या उंचीवर अशी मांडणी बसवली तर खाली पोवई नाक्यावरचा प्रत्येक फोन निःसंशय दूरक्षेत्रात असेल, आणि मांडणी ३ मीटरची केली तरी असेलच. म्हणून सध्याच्या ५जीच्या वेगाचे श्रेय निकटक्षेत्राला देणारी विधाने टाळावीत.

एकवटण्याची खोली

निकटक्षेत्राचा खरा, वेगळा असा फायदा एकच आहे, आणि तो म्हणजे बीमला खोली असते. दूरक्षेत्रातला बीम एका दिशेला जातो आणि त्या दिशेतल्या जवळच्या-दूरच्या सर्वांवर पडतो. निकटक्षेत्रात फेज अशा देता येतात की लहरी एका अंतरावर एकवटतात आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे विखुरतात. त्यामुळे एकाच दिशेला उभ्या असलेल्या दोन वापरकर्त्यांना, एक जवळ आणि एक दूर, एकाच वेळी वेगळी माहिती पाठवता येते.

ही खोली किती, हे न तपासता 'सुईच्या टोकाएवढ्या बिंदूवर शक्ती केंद्रित होते' असे लिहिले जाते. आपल्या ३ मीटरच्या सरळ मांडणीसाठी हिशेब असा आहे. १० मीटरवर एकवटल्यास मांडणीचा लाभ निम्म्याहून अधिक राहतो तो टप्पा ७.५ मीटरपासून १५ मीटरपर्यंत पसरतो. म्हणजे समोरासमोर साडेसात मीटरची खोली, आणि आडवी रुंदी मात्र २५ सेंटीमीटर. २० मीटरवर एकवटल्यास हा टप्पा १२ पासून ६० मीटरपर्यंत लांबतो. ३० मीटरवर एकवटायला गेल्यास पलीकडची सीमा उरतच नाही, ती अनंतात जाते, आणि बीम पुन्हा दूरक्षेत्रासारखा वागू लागतो. म्हणून सरळ रांगेसाठी एकवटण्याचा व्यावहारिक पल्ला रॅले अंतराच्या सातव्या भागापर्यंत समजावा, आणि चौरस मांडणीचा कर्ण धरून रॅले अंतर काढले असेल तर त्याच्या दहाव्या भागापर्यंत. माझ्या मते अहवालात रॅले अंतराच्या खाली हा दुसरा आकडा छापणे सक्तीचे असावे. कारण प्रकल्पाची सारी आश्वासने त्याच्यावर उभी असतात.

इथून पुढचा गैरसमज असा, की निकटक्षेत्रात एकाच वापरकर्त्याकडे आपोआप अनेक स्वतंत्र माहिती-प्रवाह जातात. मधे अडथळा नसताना किती प्रवाह शक्य आहेत, याचा ढोबळ अंदाज दोन्ही बाजूंच्या मांडण्यांच्या लांबींचा गुणाकार करून त्याला तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागले की मिळतो. ७ सेंटीमीटर रुंदीच्या फोनसाठी, १० मीटरवर, हे उत्तर पाव येते. म्हणजे प्रवाह एकच, निकटक्षेत्र असो वा नसो. १ मीटर रुंदीची मांडणी टपावर घेऊन बस उभी असेल तर उत्तर साडेतीन येते आणि तिथे तीन प्रवाहांची आशा धरता येते. दोन उभ्या-आडव्या ध्रुवणांचा, म्हणजे लहरीच्या कंपनदिशांचा, लाभ याशिवाय वेगळा, पण तो दूरक्षेत्रातही मिळतो.

अँटेना वाढवत गेलो की मिळणारी शक्ती अमर्याद वाढते, हे दूरक्षेत्राचे सूत्र निकटक्षेत्रात ताणल्यामुळे निघणारे अनुमानही तपासून खोडावे. एका बिंदूतून सर्व दिशांना सारखी निघालेली शक्ती पकडायला समोर अनंत मोठी सपाट मांडणी उभी केली, तरी अर्धी शक्ती मागच्या बाजूला निघून गेलेली असते. त्यामुळे निम्म्याहून अधिक शक्ती कधीच हाती लागणार नाही. सिम्युलेशनमध्ये पाठवलेल्या शक्तीपेक्षा मिळालेली शक्ती जास्त दिसली, तर तिथेच थांबून प्रत्येक अँटेनाचे परिणामकारक क्षेत्रफळ तिरक्या लहरीसाठी कमी केले आहे की नाही, ते पाहावे.

परावर्तित लहरींबाबत थोडक्यात सांगतो. निकटक्षेत्राचा विचार फक्त थेट दिसणाऱ्या वापरकर्त्यासाठी असतो, असे नाही. वापरकर्ता ५०० मीटरवर असला, पण त्याच्यापर्यंत जाणारी लहर मांडणीपासून १५ मीटरवरच्या विजेच्या खांबावरून उसळून जात असली, तर त्या वाटेपुरता खांबच मांडणीचा 'वापरकर्ता' असतो आणि तो निकटक्षेत्रात आहे. मोठी सपाट भिंत असेल तर हिशेब बदलतो. आरशाप्रमाणे भिंतीमागे वापरकर्त्याचे प्रतिबिंब धरावे आणि त्या प्रतिबिंबापर्यंतचे एकूण अंतर घ्यावे.

आवाजावर करून पाहण्याचा प्रयोग

३.५ गिगाहर्ट्झची मोठी मांडणी कोणत्याही महाविद्यालयाच्या ऐपतीबाहेरची असते, पण तिची जागा आवाज घेऊ शकतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४ किलोहर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ८.५७ सेंटीमीटर येते, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीएवढीच. सगळी अंतरे तशीच ठेवून गच्चीवर हाच प्रयोग करता येतो.

एकाच प्रकारचे आठ लहान, ८ ओहमचे स्पीकर घ्यावेत. दोन-दोन सिरीजमध्ये आणि अशा चार जोड्या पॅरललमध्ये जोडाव्यात, म्हणजे एकूण रोध ४ ओहम होतो. तेवढा रोध चालणारा अ‍ॅम्प्लिफायर निवडावा. सर्व स्पीकरांचे धन टोक एकाच बाजूला आले आहे याची जोडणीनंतर पुन्हा खात्री करावी. एकही उलटा लागला तर त्याची लहर बेरजेत येण्याऐवजी वजा होते. मग फरशीवर एक खिळा किंवा जड विटेला बांधलेली दोरी ठेवून २ मीटर त्रिज्येचा कंस खडूने काढावा आणि त्यावर २० सेंटीमीटर अंतराने आठही स्पीकर, तोंड कंसाच्या केंद्राकडे करून, मांडावेत. दोरीने आखलेल्या कंसावर प्रत्येक स्पीकरचे केंद्रापासूनचे अंतर सारखेच असते, त्यामुळे मोठ्या मांडणीत जे काम फेज बदलणारी सर्किटे करतात ते इथे दोरी करते. स्पीकर आणि केंद्र यांच्यामध्ये फरशीवर जाड गोधडी अंथरावी, नाहीतर फरशीवरून परतणारा आवाज सगळे मोजमाप बिघडवतो. सकाळी वारा सुटण्यापूर्वी हे करावे. सूर अगदी हळू ठेवावा, कारण ४ किलोहर्ट्झचा अखंड सूर कानाला फार टोचतो.

फोनमधल्या आवाजाची पातळी दाखवणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपने स्पीकरांपासून समोर १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत दर २० सेंटीमीटरवर नोंद घ्यावी. आधी मधला एकच स्पीकर लावून अंतरानुसार आवाज किती घटतो ते लिहावे, मग आठही लावून पुन्हा नोंदी घ्याव्यात. एकट्या स्पीकरची पातळी थेट तुलनेसाठी वापरू नये, कारण जोडणी बदलल्यावर त्याला मिळणारी शक्तीही बदलते. त्यातून फक्त घट किती, तेवढे घ्यावे आणि ते आठांच्या नोंदींतून वजा करावे. उरलेला आलेख २ मीटरपाशी उंच असतो आणि साधारण १.६ ते २.६ मीटर या टप्प्याच्या बाहेर ३ डेसिबलहून अधिक, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने निम्म्याच्याही, खाली जातो. एकवटण्याची खोली ती हीच.

त्यानंतर फोन २ मीटरच्या खुणेवरच ठेवून तेच आठ स्पीकर कंसावरून उचलून सरळ रेषेत, त्याच २० सेंटीमीटरच्या अंतराने मांडावेत. खुणेवरची पातळी हिशेबाने सुमारे १३ डेसिबलने घसरते. उन्हाळ्यात आवाजाचा वेग थोडा वाढतो, म्हणून त्या दिवशीचे तापमान नोंदीसोबत लिहावे आणि तरंगलांबी त्याप्रमाणे काढावी. शेवटी टेप घेऊन टोकाच्या स्पीकरपासून फोनपर्यंतचे अंतर मोजावे. सरळ रेषेत मांडलेल्या रांगेच्या मध्यापेक्षा ते १२ सेंटीमीटरने जास्त भरेल, आणि पातळी का पडली याचे कारण त्या १२ सेंटीमीटरला तरंगलांबीने भागून त्याच पानावर लिहावे.